उघडून ठेवलेली गाडी घेऊ नका, चालती घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला सोसायटीत एक झाकलेलं पार्किंग, हाताशी अडीच लाख, मुलगी नववीत, मुलगा सहावीत आणि पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, सगळी नोकरी केलेले सासरे. रविवारी सगळ्यांना मिळून हात लावता येईल अशी जुनी गाडी हवी आहे. दोन प्रीमियर पद्मिनी गाड्या बघून ठेवल्या आहेत. एक १९८४ ची, लोणी काळभोरजवळ शेडमध्ये, इंजिन उतरवलेलं, बरंचसं सामान गोणीत, मालक ५५ हजार म्हणतो. दुसरी १९८८ ची, सातारा रस्त्यावर, चालू, रंग उडालेला, १ लाख ४० हजार. पहिलीत ८५ हजार वाचतात आणि "सगळं आपल्या हातानं" होतं, म्हणून मन तिकडे ओढतंय.

सातारा रस्त्यावरची घ्या. लोणी काळभोरची फुकट मिळाली तरी तुम्हाला ती महागच पडेल. हे जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

माझ्या वडिलांचं नाना पेठेत गॅरेज होतं, मी तिथंच शिकलो आणि आज पस्तीस वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतोय. १९९७ मध्ये मी घरच्यासाठी म्हणून एक स्टँडर्ड हेरल्ड घेतली. मद्रासला बनलेली ही गाडी. तिचा बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट अख्खा पुढे उलटतो आणि आत पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्या चाकावर बसायची जागा त्याची ठरलेली. गाडी उघडलेली होती, चार गोण्या सामान होतं, किंमत अगदी किरकोळ. पहिला उन्हाळा फार छान गेला. मग गोण्या उपसायला लागलो तसं कळत गेलं की ज्यानं कोणी ती खोलली त्यानं काही लिहून ठेवलेलं नाही. कुठला बोल्ट कुठला, कुठली पट्टी आतून लागते, कुठला वॉशर दोनदा येतो, ते त्याच्या डोक्यात होतं आणि तो माणूस कधीच सोडून गेला होता. चार भाग कमी निघाले, त्यातला एक मिळायला दोन वर्षं गेली. दरम्यान गिऱ्हाइकांची कामं होतीच. हेरल्डवर ताडपत्री आली. ती रस्त्यावर आली २००८ मध्ये, आणि उत्तम आली. पण पहिली चक्कर मारायला मुलगा घरात नव्हता, तो बंगळूरला शिकायला गेला होता. अकरा वर्षांत तो त्या गाडीत बसून एक किलोमीटरही गेला नाही.

म्हणून कुटुंबासाठी गाडी शोधणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो: पहिल्या रविवारी पोरं मागच्या सीटवर बसून निदान चांदणी चौकापर्यंत जाऊन आली पाहिजेत. सहावीतल्या मुलाला दोन वर्षांनंतरच्या चकाचक गाडीचं स्वप्न दाखवून उपयोग नाही. त्यानं प्लग साफ केला आणि त्याच संध्याकाळी इंजिन आधीपेक्षा मऊ चाललं, हे त्याच्या कानांना कळायला हवं. गाडी चालती राहिली तर प्रत्येक काम एका फेरीत तपासता येतं. उभी राहिली की चार महिन्यांत तिच्यावर सोसायटीच्या मिटिंगमध्ये चर्चा सुरू होते.

यातून माझ्याकडे एक शिस्त तयार झाली आहे, ती तुम्हीही पाळा. एका वेळी एकच जोडणी उघडायची, आणि उघडलेलं पुढच्या रविवारच्या संध्याकाळपर्यंत बंद झालंच पाहिजे. ब्रेक उघडले असतील तर कार्बोरेटरला हात लावायचा नाही. सुटा भाग मिळत नसेल तर आधी भाग आणायचा, मग पाना लावायचा.

गाडीची निवड तुम्ही बरोबर केली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून ही गाडी निघू लागली, पुढे ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपास बंद पडली. नाव बदललं, ग्रिल आणि दिवे बदलले, पण आतली यंत्ररचना जवळपास तीच राहिली: १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगवरचा चार गिअरचा हँड गिअर, मागची चाकं फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बॉनेट उघडला की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी हात खाली जातो. मुलांना शिकवायला ही मोकळी जागा फार मोलाची. आजच्या गाडीचा बॉनेट उघडून दाखवला तर प्लास्टिकचं झाकण दिसतं.

अँबॅसिडरही चांगली आहे, १४८९ सीसीचं इंजिन दणकट आहे आणि ती २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनत होती म्हणून सामान मिळतं. पण ती अंगानं मोठी आणि जड, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याभोवती फिरायला जागा उरत नाही. हेरल्डवर माझा जीव आहे, तरी पहिली गाडी म्हणून ती सुचवणार नाही. तिचं सामान पुण्यात जवळजवळ संपलंय.

पद्मिनीच्या सामानाचंही एक लक्षात ठेवा. इतकी वर्षं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे ते सहज मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. तेव्हापासून नवा माल कमी होत चाललाय. इंजिन, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन यांचे भाग नाना पेठेत अजून मिळतात, नाही मिळाले तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. अडतं ते वरच्या सामानावर: दिव्यांच्या रिंगा, मागच्या लाइटच्या काचा, बंपर, ग्रिल, दाराचे हँडल, खिडक्या वरखाली करायची यंत्रं, डॅशबोर्डचं मीटर. रिंग-पिस्टन कधीही मिळतील, सरळ बंपर मिळेलच असं नाही. त्यामुळे गाडी बघताना इंजिनापेक्षा आधी ती पूर्ण आहे का ते मोजा. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं सासऱ्यांना आणि मुलाला घेऊन जरूर जा, पण अमुक भाग तिथं मिळेल असा भरवसा धरून गाडी घेऊ नका.

आता गंज. गाडी घ्यायची की सोडायची हे मी यावरच ठरवतो, इंजिनावर नाही. इंजिन उतरवून भोसरीच्या मशीनशॉपमध्ये बोरिंग करून (झिजलेले सिलिंडर आतून कोरून) आणता येतं, खर्च आधी विचारता येतो. पत्र्याचा खर्च रंग खरवडल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. खालचा फ्लोअर, दारांखालून जाणाऱ्या पोकळ पेट्या, चाकांच्या कमानी हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा होतो. हेरल्डचा फ्लोअर सडला तरी खाली चेसिस उभी असते, पद्मिनीचा सडला की गाडीची ताकदच गेली.

बघायला जाताना दुपारच्या उजेडात जा, सोबत टॉर्च, जुनी चादर, स्पीकरमधून काढलेला एखादा चुंबक आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडा येणार नाही, आणि दारांचा खालचा चार बोटं भाग, मागच्या चाकांच्या कमानी, दिव्यांच्या भोवती, डिकीची कड अशा सगळ्या ठिकाणी फिरवा. पत्रा असेल तिथं तो धरून राहतो, पुट्टीचा थर असेल तिथं गळून पडतो. हे काम मुलाला द्या, तो प्रामाणिकपणे इंच न् इंच बघेल. मालकाची परवानगी घेऊन आतल्या चटया उचला आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्यानं दाबा. बॅटरीचा ट्रे बघा, बॅटरीतलं ॲसिड सांडून खालचा पत्रा खातं. डिकीत स्टेपनी उचलून तिच्याखाली बघा. मग चादरीवर आडवं होऊन टॉर्चनं खालून पाहा; दाराखालच्या पेट्यांना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टोका. घट्ट आवाज आला तर ठीक. भसभसा आला आणि पापुद्रे पडले तर तिथं किमान एक हात पत्रा बदलावा लागेल.

एक परीक्षा मी कधीच चुकवत नाही. गाडीची एक बाजू जॅकनं थोडी उचलायची आणि त्या बाजूची दोन्ही दारं उघडून बंद करायची. चांगल्या सांगाड्याची दारं तशीच लागतात. जॅकवर घेतल्यावर दार घासायला किंवा अडकायला लागलं, तर सांगाडा वाकतोय. अशी गाडी इंजिन कितीही गोड चालत असलं तरी सोडा. ड्रायव्हरचं दार खाली बसलेलं असणं वेगळं, ते बिजागरीच्या पिन झिजूनही होतं. दार उघडून हातानं उचलून बघा, पिन ढिली असेल तर लगेच कळतं.

गाडी आयुष्यभर कुठं राहिली हेही विचारा. मुंबईची, समुद्राच्या वाऱ्यातली गाडी वरून कितीही देखणी असली तरी पेट्यांच्या आतून गेलेली असते. सोलापूर, नगर, बीडकडच्या गाड्यांचा रंग उन्हानं पांढरा पडतो, रबर चिरतात, पण पत्रा ठणठणीत निघतो. रंग उडालेली गाडी मला त्यामुळे जास्त आवडते, तिच्यात काही लपवलेलं नसतं. नुकताच रंग मारून विकायला काढलेली गाडी असेल तर चुंबक दुप्पट वेळ फिरवा.

चालवून बघताना आधी थंड इंजिन स्वतः सुरू करा. मालकानं गरम करून ठेवलेलं असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. चोक ओढून सुरू झाल्यावर निळा धूर थोडा वेळ येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत, आत्ता काळजी नाही. गरम झाल्यावर, रेस करताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑइल फिलरचं झाकण उघडून बघा, आतून सायीसारखं पिवळट काही चिकटलेलं असेल तर पाणी ऑइलमध्ये जात असेल. जवळच्या मेकॅनिकला शंभर-दोनशे रुपये देऊन कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एक सिलिंडर दहा टक्क्यांपेक्षा जास्त मागे असेल तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट.

हँड गिअर दुसऱ्यात टाकताना शोधावा लागत असेल तर घाबरू नका, त्याच्या दांड्यांच्या टोकाचे बुश झिजतात, दोन रविवारांचं काम आहे. चढावर गिअर सुटून बाहेर येत असेल तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागेल. स्टिअरिंग दोन बोटांपेक्षा जास्त मोकळं फिरत असेल तर पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बुश झिजलेले असतात आणि ते बदलायला अनुभवी हात लागतो, ते बाहेरूनच करून घ्या.

कागदांकडे आता या. माझ्याकडे रंगून तयार झालेल्या गाड्या कागदांपायी वर्ष-वर्ष उभ्या राहिलेल्या आहेत, म्हणून पैसे देण्याआधी आरसी बुक हातात घ्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर शोधा, घासून पुसून पेन्सिलनं कागदावर त्यांची छाप घ्या आणि बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. इंजिन कधीतरी बदललेलं असतं आणि बुकात जुनाच नंबर असतो. ती नोंद करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, हे व्यवहाराच्या आधीच ठरवा. बुकात कर्जाची नोंद आहे का बघा. १९८८ ची गाडी हप्त्यावर घेतलेली असेल, कर्ज केव्हाच फिटलं असेल, पण बोजा उतरवलेला नसतो. त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि ती पतपेढी किंवा बँक आता दुसऱ्याच नावानं असते. बुकावरचा मालक हयात नसेल तर वारसाच्या नावे फॉर्म ३१ नं आधी गाडी व्हायला हवी. हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या त्याच बैठकीत घ्या. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत पत्र.

तुमची गाडी १ जुलै १९८९ च्या आधीची आहे, म्हणजे एमएच-१२ सुरू होण्याच्या आधीच्या तीन अक्षरी मालिकेतली. या जुन्या नोंदी काही वेळा संगणकात चढलेल्याच नसतात. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. दिसत नसेल तर संगम पुलाजवळच्या कार्यालयात 'बॅकलॉग' नोंद करून घ्यावी लागते. विकणाऱ्यानं ती आपल्या नावावर असताना करून घेतली तर सोपं जातं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. शेवटचं कधी झालं ते विचारा. एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीचं हे शुल्क ६०० वरून ५ हजारांवर गेलं, त्यानंतर फार जुन्या गाड्यांचं आणखी वाढलं. त्यावर पर्यावरण कर, आणि मुदत उलटली असेल तर उशिराचा दंड. हा सगळा हिशेब किमतीतून वजा करून बोलणी करा.

तुम्ही "व्हिंटेज नंबर" मिळेल का असंही विचारलंय. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, दहा वर्षांची मुदत आणि पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार. तुमची १९८८ ची गाडी त्यात बसत नाही. बसत असती तरी मी थांबा म्हटलं असतं, कारण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल, तांत्रिक संशोधन एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची परवानगी आहे. आजीला घेऊन सारसबागेच्या गणपतीला जायचं तर साधा नंबरच हवा.

पैशांचं बोलू. पत्रा बरा निघाला तर १ लाख २० हजारांपासून सुरू करा आणि १ लाख ३० हजारांच्या आत थांबायचा प्रयत्न करा. उरलेल्यातले वीस हजार कागद आणि विम्यासाठी बाजूला ठेवा. माझ्याकडे हल्ली झालेल्या कामांवरून अंदाज सांगतो: ब्रेक संपूर्ण नवे करायला बारा ते पंधरा हजार, चार टायर-ट्यूबना पंधरा-अठरा, वायरिंगला दहा-बारा, रेडिएटर आणि पाण्याचे पाइप सहा-सात, पेट्रोलची टाकी, पाइप, पंप, कार्बोरेटर मिळून सात-आठ. पन्नास-साठ हजारांत गाडी सुरक्षित होते आणि चाळीस हजार हातात राहतात. ते खर्च करू नका, कारण पहिल्या वर्षात काहीतरी मोठं निघतंच. रंग या अडीच लाखांत बसवू नका. पत्रा कापून नवा लावून नीट केलेला रंग एकटाच लाखाच्या पुढे जातो, आणि स्वस्तात केलेल्या रंगाखाली गंज दोन पावसाळ्यांत वर येतो. दोन वर्षं पांढरट पडलेल्या रंगातच फिरा.

कामाचा क्रम असा ठेवा की थांबणं आधी, धावणं नंतर. पहिल्या महिन्यात ब्रेक: चारही चाकांचे व्हील सिलिंडर, रबरी होज, मास्टर सिलिंडर, नवं ब्रेक ऑइल. जुने किती चांगले दिसतात हे बघत बसू नका, रबर आतून गेलेलं असतं. हे काम तुम्ही आणि सासऱ्यांनी करायचं, शेवटी एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यायचं. मुलांना यात फक्त पेडल दाबायला बसवा. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना "दाब, धर, सोड" एवढं ऐकून करणारा माणूस लागतोच, आणि त्यात त्यांना आपण महत्त्वाचे आहोत हे खरोखर जाणवतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षांपेक्षा जुने टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला.

त्यानंतर पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. १९८८ च्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गास्केटं त्यासाठी बनलेली नाहीत. ती मऊ पडतात, फुगतात, गळतात, आणि गळती गरम इंजिनाच्या शेजारी होते. इथेनॉल सोसणारा पाइपच मागा, पारदर्शक प्लास्टिकची नळी कधीही लावू नका. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनाभर उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी फिरवा.

घरच्यांच्या कामाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण गाडी त्यासाठीच घेताय. तुमच्या सासऱ्यांसारखा टूलरूमचा माणूस घरात असणं हे भाग्य आहे. टॅपेट सेटिंग, पॉइंटचा गॅप, प्लगचा गॅप ही सगळी फीलर गेजची, म्हणजे पातळ पट्ट्यांनी फट मोजायची, कामं त्यांच्याकडे द्या. त्यांच्या बोटांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक कळतो, तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसत नाही. मुलीच्या नववीच्या विज्ञानात धाराविद्युत आहे. तिला इग्निशनचं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडायची ते, बल्बनं लावायला शिकवा: बारा व्होल्टचा छोटा बल्ब घ्यायचा, एक वायर कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. चावी चालू करून इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असेपर्यंत बल्ब विझलेला, उघडले की पेटतो, आणि तो नेमका पुलीवरच्या खुणेपाशी पेटला पाहिजे. माझ्या पुतणीला हे दाखवलं तेव्हा तिनं स्वतःहून कागदावर सर्किट काढून मला समजावलं होतं. पुढे जुनं वायरिंग बदलताना आकृती तिनंच काढावी. मुलाला भाग धुणं, फोटो काढणं, डब्यांवर चिठ्ठ्या लावणं. पत्नीनं काय करायचं हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांनाच विचारा, गृहीत धरू नका. आमच्या घरी सीट, लायनिंग आणि कागदपत्रांच्या फाइलीपेक्षा कार्बोरेटरच हिला जास्त आवडला.

काही गोष्टींत मी अजिबात सूट देत नाही. गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणीही खाली जायचं नाही, मूल तर नाहीच. खाली लोखंडी स्टँड लागलाच पाहिजे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ फुंकायची किंवा हवेनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत बांधायची, मुलांना त्या वेळी लांब ठेवायचं. रंग घासायचा तर पाण्यात भिजवून आणि मास्क लावून. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा फवारा घरच्या पार्किंगमध्ये मारायचा नाही, त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे. पेट्रोलचं काम उघड्यावर, बॅटरीची वायर आधी काढून. आणि मागच्या सीटला बेल्ट नसतीलच, ते बसवून घ्या. पातळ पत्र्याला नुसता बोल्ट मारून नव्हे, मागून जाड पट्टी वेल्ड करून.

सोसायटीच्या सचिवांशी गाडी आणायच्या आधी बोला. ऑइलसाठी खाली पत्र्याचा ट्रे ठेवणार, रंगकाम इथं करणार नाही, रात्री आठनंतर हातोडी नाही, एवढं लेखी दिलंत तर बहुतेक लोक विरोध करत नाहीत, उलट रविवारी चार आजोबा स्टूल घेऊन येऊन बसतात. त्यांतल्या कोणाकडे तरी कधीकाळी पद्मिनी होती असं निघतंच.

पहिले सहा महिने घाट टाळा. रेडिएटर उघडून नळ्या साफ केल्याशिवाय कात्रजला गेलात तर बोगद्याच्या अलीकडे पाणी उकळेल, आणि उकळत्या रेडिएटरचं झाकण घाईत उघडून हात भाजलेले मी बघितले आहेत. अर्धा तास थांबायचं, मग जाड फडक्यानं हळू. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, मुळशी रस्त्यानं पिरंगुटपर्यंत, एवढ्या फेऱ्या सकाळी लवकर करा.

गाडी घरी आली की त्याच दिवशी एक जाड वही आणा, दोनशे पानी. पहिल्या पानावर मुलाच्या अक्षरात चेसिस नंबर, इंजिन नंबर, मीटरचा आकडा आणि तारीख. पुढे दर रविवारी काय उघडलं, काय लावलं, किती रुपये गेले, कोणी केलं, एवढंच लिहायचं. येत्या रविवारी सातारा रस्त्यावर जाताना चुंबक आणि चादर विसरू नका, आणि जॅकवरची दाराची परीक्षा केल्यावर काय दिसलं ते मला कळवा, त्यावरून किंमत कुठपर्यंत ओढायची ते सांगतो.